पर्स्पेक्टिव्हसाठी रेफरन्स आणि टूल्स शोधताय? या चुका टाळा

पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे लांब जाताना गोष्टी लहान होत जाणं, चुकून बिल्डिंगचं चित्र फसलं की आधी आपण हाताला दोष देतो, पण बरेचदा गडबड रेफरन्समध्येच असते. फोटो दिसायला भारी म्हणून उचललेला असतो, तो किती उंचीवरून आणि किती लांबून काढलाय हे बघितलेलंच नसतं.

त्यामुळे फोटो हातात आला की पेन्सिल लावायच्या आधी त्यात आय लेव्हल, म्हणजे बघणाऱ्या डोळ्याची किंवा कॅमेऱ्याची उंची, शोधा. लांब जाणाऱ्या भिंतीवरच्या आडव्या कडा बघा, खिडक्यांच्या, छज्ज्यांच्या, ज्या लांब जाताना खाली उतरतात त्या डोळ्याच्या वर आहेत, ज्या वर चढतात त्या डोळ्याच्या खाली, आणि मधे जिथे कड आडवीच्या आडवी राहते तिथून होरायझन लाइन, म्हणजे आय लेव्हलची रेषा, जाते. सपाट रस्त्यावर माणसं उभी असतील तर अजून सोपं, जवळच्या-लांबच्या सगळ्यांची डोकी साधारण एका रेषेत आली म्हणजे कॅमेरा उभ्या माणसाच्या डोळ्याइतका उंच होता.

हे आधी का सांगतोय, तर सगळ्यात जास्त चित्रं इथेच बिघडतात. घर एका फोटोतून, गाडी दुसऱ्यातून, माणूस तिसऱ्यातून, आणि तिघांची आय लेव्हल वेगळी. मग गाडी तरंगते किंवा माणूस जमिनीत रुतल्यासारखा वाटतो, आणि कितीही शेडिंग केलं तरी ते जात नाही. गूगल स्ट्रीट व्ह्यू वापरणाऱ्यांनी तर हे नक्कीच लक्षात ठेवा, तिथला कॅमेरा बहुतेक वेळा गाडीच्या टपावर असतो, म्हणजे पायी चालणाऱ्याच्या नजरेपेक्षा वर. शिवाय पूर्ण झूम आउट केलं की कडेच्या इमारती ताणल्या जातात, तर थोडं मागे जाऊन झूम इन करा आणि मगच स्क्रीनशॉट घ्या.

स्वतः फोटो काढत असाल तर फोनचा ०.५एक्स मोड या कामासाठी नको. मेन कॅमेराही साधारण २४ ते २८ मिमी फोकल लेंग्थचा, म्हणजे वाइडच (एकदम जास्त भाग टिपणारा) असतो. लांब उभं राहा आणि २एक्स किंवा ३एक्स वापरा. खरं तर पर्स्पेक्टिव्ह लेन्समुळे बदलत नाही, तुम्ही कुठे उभे आहात त्याने बदलतं, लेन्स फक्त किती भाग दिसणार ते ठरवते. आणि फोन वर कलवून उंच इमारत टिपली की उभ्या रेषाही वर एकमेकींकडे झुकतात, तो थ्री पॉइंटचा फोटो झाला (कडा तीन बिंदूंकडे जातात), त्यावरून टू पॉइंट (उभ्या रेषा सरळ, बाकीच्या दोन बिंदूंकडे) काढायला बसलात तर जुळणारच नाही.

एआयने बनवलेली चित्रं रेफरन्स म्हणून घेऊ नका, प्लीज. समांतर कडा लांबवून बघा, बरेचदा एका बिंदूत मिळतच नाहीत. त्यापेक्षा विकिमीडिया कॉमन्सवर बघा, तिथे बऱ्याच फोटोंच्या पानावर खाली कॅमेऱ्याची माहिती, फोकल लेंग्थसुद्धा असते. लायसन्स तेवढं वाचून घ्या.

आता टूल्स. दोन्ही व्हॅनिशिंग पॉइंट (लांब जाणाऱ्या समांतर कडा चित्रात जिथे मिळतात ते बिंदू) कागदावरच बसवायची चूक इतकी कॉमन आहे की काय सांगू, त्याने साधा खोकासुद्धा टोकदार आणि विचित्र दिसतो. पॉइंट बाहेर जाऊ द्या. कागदावर काम असेल तर बोर्डवर बाजूला टेपने जादा कागद चिकटवा, पॉइंटवर पिन आणि पिनला दोरा, बास. डिजिटलमध्ये कृता या ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये असिस्टंट टूलने व्हॅनिशिंग पॉइंट कॅनव्हासच्या बाहेरही ठेवता येतो, पण ब्रशच्या ऑप्शन्समध्ये स्नॅप टू असिस्टंट्स चालू केलं नाही तर रेषा त्या पॉइंटच्या दिशेला चिकटत नाहीत आणि लोकांना वाटतं टूलच बिघडलंय. प्रोक्रिएट या ड्रॉइंग ॲपमध्येही तसंच, ड्रॉइंग गाइड दिसतं पण त्या लेयरवर ड्रॉइंग असिस्ट ऑन हवं.

फोटो काढताना कॅमेरा कुठे आणि कसा होता ते शोधायला एफस्पाय हे फ्री सॉफ्टवेअर छान आहे, फक्त क्रॉप केलेला फोटो देऊ नका, ते कॅमेऱ्याचा मध्य फोटोच्या मध्यावर धरून चालतं. आणि ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये खोके मांडून बघताना मागच्या कडा पुढच्या कडांएवढ्याच दिसत असतील तर व्ह्यू ऑर्थोग्राफिक, म्हणजे पर्स्पेक्टिव्हशिवायचा, झालाय, नमपॅडवरचं ५ दाबा.