बडोद्याहून इंग्लंड: मुलाच्या शाळेचा अर्ज पुन्हा पुन्हा परत येत असेल तर

लक्षण: शाळांना ईमेल केले की 'आधी पत्ता द्या' एवढंच उत्तर. हॉटेलचा पत्ता टाकला, अर्ज परत. एलसीवर (शाळा सोडल्याचा दाखला) 'धोरण 2' (गुजरातीत इयत्ता दुसरी) पाहून इयर 2 (इयर म्हणजे तिथली इयत्ता) लिहिलं, पुन्हा परत. सहा आठवडे नुसता मनस्ताप.

इयर एलसीवरून नव्हे, 31 ऑगस्टला पूर्ण झालेल्या वयावरून ठरतं. ऑक्टोबर 2017चा जन्म असेल तर सप्टेंबर 2025 मध्ये इयर 3, मग बडोद्यात मूल दुसरीत का असेना.

घर ठरवण्याआधी कौन्सिलला (तिथली स्थानिक पालिका) दोन गोष्टी विचारल्या: 'इन-इयर' अर्ज (नेहमीच्या प्रवेशफेरीबाहेरचा) कोणाकडे करायचा, आणि त्या इयरच्या जागा कुठे रिकाम्या आहेत. मागितल्यावर ही माहिती त्यांना द्यावीच लागते. मग त्या शाळांजवळच घर घेतलं, सही झालेला भाडेकरार आणि जन्मदाखला (गुजरातीत असेल तर इंग्रजी भाषांतरासह) जोडून त्याच दिवशी अर्ज भरला. निर्णय शाळेच्या 15 कामकाजाच्या दिवसांत कळवणं बंधनकारक आहे.

लहान मुलांचं जास्त अडतं, कारण रिसेप्शन (इयर 1च्या आधीचा वर्ग) ते इयर 2च्या वर्गात साधारण 30चीच मर्यादा असते. नकार आला तरी वेटिंग लिस्टमध्ये नाव जरूर घाला. तिथला क्रम अर्जाच्या तारखेवर नाही, शाळेच्या निकषांवर लागतो. जवळ राहणारं मूल उशिरा येऊनही वर जातं.