कमी बजेटमध्ये इलेक्ट्रॉनिक गिअरची रोड बाईक जुळवताय? या चुका टाळा

सेकंडहँड रिअर डिरेलर (मागची चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) स्वस्तात मिळाला म्हणून आधी तो घ्यायचा आणि बाकीची सायकल त्याच्याभोवती जुळवत बसायचं, इथेच बहुतेकांचं बजेट फसतं. एक चुकीचा भाग पुढचे तीन भाग बदलायला लावतो. म्हणून आधी फ्रेम, मग ब्रेक, मग चाकं आणि सगळ्यात शेवटी गिअर, हा क्रम मोडू नका.

ब्रेक न बघता शिफ्टर घेणे

रोड बाईकचा शिफ्टर (हँडलवरून गिअर बदलायचा भाग) म्हणजेच ब्रेकचा लिव्हर. शिमानोचा १०५ डीआय२ (डीआय२ म्हणजे शिमानोची इलेक्ट्रॉनिक गिअर पद्धत) २०२२ मध्ये आला तेव्हा इलेक्ट्रॉनिक गिअर थोडे आवाक्यात आले. पण त्याचे शिफ्टर फक्त हायड्रॉलिक डिस्क ब्रेकचे आहेत. स्रॅम कंपनीच्या रायव्हल एएक्सएस या बिनतारी संचाचंही तसंच. जुनी रिम ब्रेकची (चाकाच्या कडेवर दाबणाऱ्या ब्रेकची) फ्रेम हाताशी असेल तर हे दोन्ही संच विसरा आणि शिमानोचाच ११-स्पीड, म्हणजे मागे ११ गिअर असलेला, अल्टेग्रा डीआय२ (मॉडेल ६८७० किंवा आर८०५०) शोधा. मला विचाराल तर कमी बजेटसाठी आजही हाच सगळ्यात शहाणा पर्याय आहे.

पिढ्यांची सरमिसळ

डब्यावर ‘डीआय२’ लिहिलंय म्हणून दोन भाग एकमेकांशी बोलतील असं नाही. शिमानोच्या ड्युरा-एस ७९७० ची वायरिंग पुढच्या मॉडेल्सपेक्षा पूर्ण वेगळी होती. अल्टेग्रा ६७७० मध्ये ई-ट्यूब ही दोन तारांची वायरिंग पद्धत आली, पण तो संच १०-स्पीडचा. ड्युरा-एस ९०७० व आर९१५० आणि अल्टेग्रा ६८७० व आर८०५० हे ११-स्पीडचे भाग आपसात चालतात. २०२१ पासूनच्या १२-स्पीडमध्ये शिफ्टर बिनतारी झाले आणि वायरही बदलली: जुनी एसडी५०, नवी एसडी३००, जिचा प्लग लहान आहे. ११-स्पीडचा शिफ्टर आणि १२-स्पीडचा डिरेलर ही जोडी जमत नाही. स्रॅममध्येही जुना ११-स्पीड ईटॅप संच आणि २०१९ पासूनचं एएक्सएस एकमेकांना ओळखत नाहीत.

चाकांचा हिशेब वेगळा. शिमानोची १२-स्पीड रोड कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा गठ्ठा) ११-स्पीडच्या एचजी फ्रीहबवर (चाकाच्या ज्या भागावर कॅसेट चढते त्यावर) बसते, म्हणजे जुनी चाकं वाचतात. स्रॅमच्या १० दातांपासून सुरू होणाऱ्या कॅसेटला मात्र एक्सडीआर फ्रीहब लागतं, आणि एएक्सएसच्या फ्लॅटटॉप चेनला तिच्यासाठीच बनवलेले चेनरिंग (पेडलजवळच्या दातेरी चकत्या). हा खर्च संचाच्या किमतीत दिसत नाही.

वायर आधी फ्रेममध्ये, तपासणी नंतर

सगळं आधी टेबलावर जोडा. बॅटरी, जंक्शन (वायर एकत्र जोडणारी डबी), शिफ्टर, दोन्ही डिरेलर जोडा, चार्ज करा, बटणं दाबून मोटर हलते का बघा. सेकंडहँड भागांत दोष असेल तर तो इथेच कळायला हवा, बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या दांड्यांचं बेअरिंग) बसवल्यावर नाही. डीआय२ च्या वायर ठरावीक लांबीच्याच मिळतात आणि कापता येत नाहीत. म्हणून फ्रेममधून दोरा ओवून मार्ग मोजा आणि एक माप मोठी वायर घ्या. प्लग बोटांनी ढकलू नका. त्यासाठी प्लास्टिकचं छोटं हत्यार मिळतं, त्याने दाबा आणि ‘टक’ असा आवाज येईपर्यंत थांबू नका. अर्धवट बसलेला प्लग टेबलावर चालतो, खड्ड्यावर दगा देतो.

फ्रंट डिरेलरचा सपोर्ट बोल्ट

ही चूक मला सगळ्यात जास्त दिसते. इलेक्ट्रॉनिक फ्रंट डिरेलरची मोटर ताकदीने ढकलते आणि त्या जोराने तो जिथे बसतो तो फ्रेमवरचा हँगर वाकतो. तो जोर फ्रेमवर घेण्यासाठी शिमानोने एक छोटा सपोर्ट बोल्ट दिलाय. तो फ्रेमला टेकवायचा असतो आणि टेकतो तिथे धातूची चिकटपट्टी लावायची असते. सेकंडहँड संचात ही पट्टी जवळजवळ कधीच नसते. ती नसताना कार्बन फ्रेमवर बोल्ट आवळू नका. बोल्ट मोकळाच सोडला तर चेन मोठ्या रिंगवर चढताना अडते आणि आपण उगाच सेटिंग बदलत बसतो.

गिअर नीट पडत नाहीत तेव्हा

आधी मागचा हँगर बघा, म्हणजे रिअर डिरेलर ज्याला लटकतो तो फ्रेमचा तुकडा. मी एकदा दोन संध्याकाळी बारीक ॲडजस्टमेंट करत घालवल्या. वाकला होता हँगर, तेही डोळ्यांना दिसणार नाही इतकाच. हँगर सरळ करायचं गेज वापरा, मगच ॲडजस्टमेंट मोडला हात लावा. ११-स्पीड डीआय२ मध्ये जंक्शनचं बटण लाल दिवा लागेपर्यंत दाबलं की शिफ्टर डिरेलरला अगदी सूक्ष्म अंतराने हलवतो. लिमिट स्क्रू (डिरेलर किती दूर सरकेल ते ठरवणारे) जास्त आवळले तर मोटर त्यांच्याशी झगडत राहते आणि बॅटरी लवकर उतरते.

सायकल पडल्यावर मागचे गिअर अचानक बंद झाले तर डिरेलर मेला असं समजून नवा मागवू नका. मोटर वाचवण्यासाठी तो स्वतःला सोडवून घेतो. ११-स्पीडमध्ये तेच बटण ५ सेकंदांहून जास्त दाबून धरा आणि पेडल फिरवा, बहुतेक वेळा तो पूर्ववत होतो.

फक्त पुढचे गिअर बंद पडले असतील तर बॅटरी संपत आलीय. डीआय२ आधी फ्रंट डिरेलर थांबवतो आणि उरलेला चार्ज मागच्यासाठी राखतो. घरी वळा. स्रॅममध्ये दोन्ही डिरेलरच्या बॅटऱ्या सारख्याच असतात, त्यामुळे मागची संपली तर पुढची काढून मागे लावता येते. शिफ्टरमधले नाण्यासारखे सेल वेगळे: स्रॅमला सीआर२०३२, शिमानोच्या १२-स्पीडला सीआर१६३२. हेच सेल लोक विसरतात.

एएक्सएस सायकल गाडीवर लादून नेणार असाल तर डिरेलरच्या बॅटऱ्या काढून खिशात ठेवा. हालचालीने डिरेलर जागे होतात आणि मुक्कामी पोचेपर्यंत चार्ज संपलेला असू शकतो.