मिडी आउटवर वायरलेस अडॅप्टर चालवायचाय? आधी पोर्टला लोड देऊन बघा

कीबोर्डचा मिडी, म्हणजे वाजवलेल्या स्वरांचा डेटा, वायरशिवाय मोबाइलवर न्यायचा तर मागे बोटाएवढा ब्लूटूथ अडॅप्टर खोचला की झालं, ना सेल ना चार्जर. यामाहाचा एमडी-बीटी01 घ्या नाहीतर सीएमईचा विडी मास्टर, दोन्ही करंट मिडी आउटमधूनच (तो डेटा बाहेर देणारं पाच पिनांचं पोर्ट) घेतात. इथे इंदूरात ऑर्केस्ट्रात आणि गणपतीत वाजवणाऱ्या बऱ्याच पोरांना मी हे लावून दिलंय आणि तक्रार ठरलेली, "दादा, लाइट लागतो, पेअर पण होतो, पण गाण्यात मध्येच कट होतो." त्यांना कुणीतरी आधीच सांगितलेलं असतं की वायफाय बंद कर, मोबाइल जवळ ठेव. हे सगळं नंतर करा, आधी पॉवर बघा.

पॉवर घेणारा प्लग आउटमध्ये लावायचा. इनमध्ये करंट मिळत नाही, तिथे आत फक्त ऑप्टोकपलर (प्रकाशातून सिग्नल आत घेणारा भाग) बसलेला असतो. थ्रू मधून करंट मिळेल, पण तिथून तुम्ही वाजवलेलं बाहेर येत नाही, फक्त इनमध्ये आलेलं पुढे जातं.

आता मुख्य काम, आणि मी स्वतः इथेच अडकलो होतो. रामबागेत गणपतीचा कार्यक्रम, अडॅप्टर घरच्या कीबोर्डवर महिनाभर मस्त चाललेला, तिथे दुसऱ्याचा कीबोर्ड होता त्याला लावला आणि जलद तुकडा आला की कनेक्शन तुटायचं, एक स्वर तर अडकूनच राहिला. घरी आणून मीटर लावला तर बरोबर 5 व्होल्ट! म्हणून अडॅप्टर खराब समजून दुसरा आणला, त्याचंही तेच.

चूक माझ्या मापण्यात होती. पाच पिनांच्या प्लगमध्ये मधली पिन 2 म्हणजे ग्राउंड, तिच्या दोन बाजूंना 4 आणि 5. पिन 4 वर 5 व्होल्ट येतात खरे पण 220 ओहमच्या रेझिस्टरमधून, आणि काहीच लोड (करंट ओढणारं काही) नसेल तर त्या रेझिस्टरवर ड्रॉप होत नाही, त्यामुळे मीटर पूर्ण 5 दाखवतो. अडॅप्टरने 10 मिलिअँप ओढले की 2.2 व्होल्ट तिथेच जातात, उरले 2.8. वर अडॅप्टरचं इनपुट साध्या ऑप्टोकपलरचं असेल तर प्रत्येक नोटच्या वेळी मिडीचा करंट पण त्याच रेझिस्टरमधून जातो, म्हणजे व्होल्टेज अजून कमी. ते 1.7 च्या आसपास गेलं की बऱ्याच ब्लूटूथ चिप बंद पडतात. म्हणून शांत असताना सगळं ठीक आणि हात जोरात चालला की कट. मिडी 1983 सालची आहे, ती डेटासाठी बनवली, पिन 4 वरून कुणाला पॉवर देण्यासाठी नाही, हे डोक्यात पक्कं ठेवा.

तर टेस्ट अशी करा. एक जुनी मिडी केबल मधून कापा, मीटरच्या बीपवर 4 आणि 2 च्या वायरी शोधा (नंबर प्लगवर बारीक छापलेले असतात), केबल आउटमध्ये लावा आणि त्या दोन वायरींमध्ये 220 ओहमचा रेझिस्टर जोडून व्होल्टेज बघा. 5 व्होल्टचं चांगलं पोर्ट 2.5 च्या आसपास दाखवेल. नव्या 3.3 व्होल्टच्या पोर्टमध्ये पिन 4 वर 33 ओहमच असतो, तो 2.8 ते 2.9 देतो, म्हणजे "3.3 वर चालणारच नाही" हे जे छातीठोक सांगतात ते चूक आहे. 2 च्या खाली आलं तर त्या पोर्टवर अडॅप्टरचा भरवसा धरू नका. 4 आणि 5 मध्ये गोंधळ झाला तर पिच बेंडचं (स्वर वर-खाली सरकवणारं) चाक फिरवत राहा, रीडिंग खाली येऊन हलतं ती 5, स्थिर राहते ती 4. उघड्या वायरी एकमेकींना लागू देऊ नका, 33 ओहमवाल्या पोर्टमधून शॉर्टला 100 मिलिअँप जातात.

नापास झालं तर कीबोर्ड उघडून आतला रेझिस्टर बदलायला जाऊ नका, आणि पॉवर बँकेचे 5 व्होल्ट सरळ पिन 4 ला तर अजिबात जोडू नका, ते उलटे कीबोर्डात शिरतात. मधे स्वतःच्या चार्जरवर चालणारा थ्रू बॉक्स (कीबोर्डच्या आउटमधून आलेला मिडी तसाच पुढे देणारा डबा) टाका आणि अडॅप्टर त्याच्या आउटवर लावा, किंवा सरळ यूएसबीवर चालणारा अडॅप्टर घ्या. तो पॉवर बँकेवर लावणार असाल तर घरी अर्धा तास चालवून बघा, कारण इतका कमी करंट ओढला की बऱ्याच पॉवर बँक आपणहून बंद होतात. मोबाइलचा साधा चार्जर बरा.

पेअरिंग फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमधून नाही, मिडीच्या ॲपमधूनच.

शेवटी सस्टेन पेडल दाबून, पिच बेंड हलवत, दोन्ही हातांनी सलग दहा मिनिटं वाजवा, आणि ज्या कीबोर्डवर कार्यक्रम आहे त्याच्यावरच वाजवा, घरच्या नाही.