एजंटला पहिल्यांदा भेटायला जाताय? मग हे बघून घ्या

आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं मुंबईला अभिनयाची कामं मिळवून देणाऱ्या एजंटला भेटायला जातात तेव्हा सगळा जोर फोटोंवर असतो. फोटो पाहिजेतच ओ, पण लग्नातले नकोत, साधे, बिनफिल्टरचे, एक क्लोजअप आणि एक फुल लेन्थ बस्स. शोरील (आपल्या कामातल्या निवडक सीनचा व्हिडिओ) असेल तर दीड-दोन मिनिटांचं, आणि सगळ्यात भारी सीन पहिलाच लावा कारण शेवटपर्यंत बघायची सवड कुणाला नसते.

आपली खरी ताकद म्हणजे भाषा. घरात मराठी, बाजारात कन्नड, वर हिंदी, हे आपल्याला काहीच वाटत नाही पण समोरच्याला तिथं मराठी, हिंदी आणि बेंगळूरचं कन्नड काम असं सगळं दिसतं, म्हणून नीट सांगा की कुठली भाषा सफाईनं बोलता आणि कुठली नुसती कामापुरती. बेळगावी हेल लपवू नका, पण एक मोनोलॉग (एकट्यानं म्हणायचा संवाद) प्रमाण मराठीत आणि एक आपल्या बोलीत तयार ठेवा.

पैशाचं विचारायला लाजायचं नाही. एजंट कमिशन घेतो ते मिळालेल्या कामातून, साधारण १० ते २० टक्के. आधीच रजिस्ट्रेशनचे किंवा त्यांच्याच फोटोग्राफरचे पैसे मागितले तर चहा पिऊन सरळ उठायचं. आणि एक्सक्लुझिव्ह करार, म्हणजे कामं फक्त त्यांच्यामार्फतच घ्यायची, असं म्हणाले तर किती वर्षं, कन्नड कामही त्यात धरलंय का, गावातल्या नाटकाचं काय, हे लेखी घ्या, सही त्याच दिवशी नको, कागद घरी आणून ओळखीच्या वकिलाला दाखवा.