बोरकरांच्या कवितेवरून मुलांच्या पहिल्या दोन ओळी

दुसरी-तिसरीच्या मुलांसाठी बा. भ. बोरकरांची ‘माझ्या गोव्याच्या भूमीत’ घ्या. सगळी नको, दोन कडवी पुरेत. आधी तुम्ही मोठ्याने वाचा, मग मुलं ओळीखाली बोट फिरवत तुमच्याबरोबर वाचतील. कडव्याची सुरुवात दर वेळी तीच, म्हणून अडखळणारं मूलही तिथे सूर मिळवतं. अर्थ लगेच विचारू नका, नाहीतर कवितेचा धडा होतो.

मग फळ्यावर लिहा: ‘माझ्या आजीच्या कुळागरात…’ (कुळागर म्हणजे सुपारी-नारळाची बाग), ‘माझ्या म्हापशाच्या बाजारात…’. तिथे काय दिसतं, कसला वास येतो, हे आधी तोंडी. नंतर वहीत दोनच ओळी. यमकाचा हट्ट धरला की मुलं डोळ्यांपुढचं सोडून जुळणारे शब्द शोधत बसतात. कोकणी शब्द आला तर खुशाल राहू द्या. ऱ्हस्व-दीर्घ दुसऱ्या दिवशी पाहा.