पुस्तक तुमचं, कौतुक खोटं: बनावट मेलच्या बाबतीत या चुका टाळा

माझा कथासंग्रह निघून चार महिने झाले होते. पदरच्या पैशानं ३०० प्रती छापल्या, किंडलवर ई-बुक टाकलं. जळगाव-धुळ्याच्या पलीकडून एकाही वाचकाचं पत्र नव्हतं. अशात एका सकाळी एका बाईचा इंग्रजीत मेल आला. तुमच्या कथांमधली माती, बायकांचं सोसणं काळजाला भिडलं, आमच्या अमेरिकेतल्या वाचक मंडळाला हे पुस्तक महिनाभर वाचायचंय. मी हरखून गेलो. बायकोला वाचून दाखवला, तर ती म्हणाली, "अहो, पण या बाईला अहिराणी येते का?"

संग्रहातले सगळे संवाद अहिराणीत आहेत. पुढच्याच मेलमध्ये 'नोंदणी शुल्क' आलं.

तेव्हा पहिली चूक कौतुकाला लगेच उत्तर देण्याची. आपल्याकडे लिहिणाऱ्याला वाचकाचं एक पत्र यायला वर्ष जातं, आणि हे लोक नेमक्या त्या भुकेवर हात ठेवतात. पुस्तकाचं मलपृष्ठ शेजारी ठेवा आणि मेल पुन्हा वाचा. मेलमधलं प्रत्येक वाक्य मलपृष्ठावरून उचलता येण्यासारखं असेल, आतल्या एकाही प्रसंगाचा उल्लेख नसेल, तर त्यानं पुस्तक उघडलेलंच नाही. हल्ली असे मेल यंत्राकडून लिहून घेतात, त्यामुळे भाषा शुद्ध आहे म्हणून माणूस खरा असं समजू नका.

दुसरी चूक पाठवणाऱ्याचं फक्त नाव बघण्याची. नाव काहीही टाकता येतं. त्याखालचा पूर्ण पत्ता उघडून अक्षर अन् अक्षर वाचा. इंग्रजीत 'आर' आणि 'एन' जवळ आले की 'एम'सारखे दिसतात. फिलिपो बर्नार्दिनी नावाच्या इटालियन माणसानं असलेच १६०हून अधिक बनावट डोमेन (मेलच्या पत्त्यातला @ नंतरचा भाग) काढून, प्रकाशक आणि एजंट असल्याचं भासवत १,०००हून अधिक अप्रकाशित हस्तलिखितं मिळवली. तो स्वतः लंडनला प्रकाशन व्यवसायातच नोकरीला होता. जानेवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्कला त्याला अटक झाली, पुढच्या वर्षी त्यानं गुन्हा कबूल केला. जगातले मुरलेले संपादक तिथं फसले, म्हणून फसलात तर स्वतःला अडाणी म्हणू नका.

'तुमचं किंडलचं खातं २४ तासांत बंद होईल' हा मेल सगळ्यात घातक. त्यातली लिंक दाबायचीच नाही. ब्राउझरमध्ये पत्ता स्वतः टाइप करून खात्यात जा; खरंच काही अडचण असेल तर तिथं कळेल. पासवर्ड हाती लागला की चोर तुमचा बँक खाते क्रमांक बदलतो आणि तुमची रॉयल्टी परस्पर वळवतो.

आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकासाठी, कुणी पैसे मागितले तर थेट नाही म्हणा. भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मोफत मिळतो. 'तुमची पुरस्कारासाठी निवड झाली, फक्त सन्मानचिन्हाचा खर्च भरा' म्हणणाऱ्यालाही तेच उत्तर. आणि पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही.

आधीच लिंक दाबली असेल तर?

दुसऱ्या फोनवरून किंवा कॉम्प्युटरवरून आधी मेलचा पासवर्ड बदला, मग किंडलचा. सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा, टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागितला जातो. एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. मेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंगचा (मेल आपोआप पुढे जातात तो) आणि रिकव्हरीचा (पासवर्ड विसरल्यावर खातं परत मिळवायचा) पत्ता तपासा. चोरानं तिथं आपला पत्ता घालून ठेवला असेल, तर पासवर्ड बदलूनही तुमची पत्रं त्याच्याकडे जात राहतात.

पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेला कळवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे, आपण स्वतः पिन किंवा ओटीपी दिला असला तरी बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेनं सोसायचं असतं. म्हणून मिनिटं मोलाची आहेत. मेल डिलीट करू नका, तोच पुरावा आहे.

आमच्या भागात कितीतरी निवृत्त गुरुजी, अप्पा, ताई निवृत्तीच्या पैशातून पुस्तक काढतात. फसगत झाली की पोरांना सांगायचा संकोच वाटतो, दोन दिवस गप्प बसतात आणि तेवढ्यात पैसे चार खात्यांतून फिरून गेलेले असतात. अप्पा, ताई, त्याच तासाला मुलाला फोन लावा. तो रागावला तर मग रागावू द्या, आधी १९३० लावून घ्या.