आडरानात गाडी आपटली, रुतली किंवा बुडाली तर चावी फिरवण्याआधी काय बघायचं

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या जांभ्याच्या वाटा, कणकुंबी-चोर्ल्याकडचे निसरडे उतार, अथणी-रायबागची काळी रानं आणि पावसाळ्यात पाण्याखाली जाणारे वेदगंगा-दूधगंगेवरचे बंधारे. आपल्या पट्ट्यात गाडीला इजा होण्याचे प्रकार साधारण ठरलेले आहेत: दगडावर बूड आपटतं, चाक गाळात बसतं, नाहीतर पाणी आत शिरतं. बहुतेक वेळा पहिला दणका दुरुस्त होण्यासारखा असतो. इंजिन जातं ते नंतर, 'बघू सुरू होते का' म्हणून चावी फिरवल्यावर. गिअरबॉक्स जातो तोही तेल गळत असताना 'गावापर्यंत जाईल' म्हणून रेटल्यावर. म्हणून इथं सगळा भर पहिल्या अर्ध्या तासावर आहे.

आधी माणसं. इंजिन बंद, हँडब्रेक वर, चाकांना दगडाचा अटकाव. डिझेल-पेट्रोलचा वास येत असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि बिडी-सिगारेट लांब ठेवा. कुणाला लागलं असेल तर 108 किंवा 112. कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा तिन्हीकडं हेच नंबर आहेत, पण हद्दीजवळ फोन पलीकडच्या राज्याचा टॉवर पकडू शकतो. म्हणून फोन उचलल्याबरोबर राज्य, तालुका आणि जवळचं गाव सांगा, बाकीचं नंतर. जंगलपट्ट्यात नेटवर्क तुटक असतं. रेंज मिळेल त्या जागीच गुगल मॅपवरचं लोकेशन गॅरेजवाल्याला आणि घरी पाठवून ठेवा.

बुडाखाली बघताना

जॅक लावून गाडीखाली शिरू नका. मऊ मातीत जॅक कलतो. चाकांजवळ आडवं पडून टॉर्चनं बघा. इंजिनच्या खाली, गिअरबॉक्सखाली, मागच्या डिफरन्शियलखाली (दोन चाकांमधला गिअरचा गोळा) आणि टाकीखाली वर्तमानपत्राचे कागद पसरा आणि दहा मिनिटं थांबा. लाल मातीवर थेंब दिसत नाही, कागदावर लगेच दिसतो.

काळपट, पातळ आणि गुळगुळीत डाग म्हणजे इंजिन ऑइल. इंजिनचं चेंबर (खालचं तेलाचं भांडं) फुटलं असेल किंवा ड्रेन बोल्ट घासला असेल. जाड तेल आणि गंधकासारखा उग्र वास म्हणजे गिअर ऑइल, गिअरबॉक्स किंवा डिफरन्शियलचं. हिरवं किंवा गुलाबी, गोडसर वासाचं पाणी म्हणजे कूलंट. लाल तेल बहुधा पॉवर स्टीअरिंगचं किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं. चाकाच्या आतल्या बाजूनं पिवळसर, बोटांना चिकट न लागता निसटणारं काही ओघळत असेल तर ते ब्रेक ऑइल आहे. तिथून पुढं गाडी हलवायचीच नाही. वासाशिवायचं स्वच्छ पाणी एसीचं असतं, ते सोडून द्या.

इंजिन ऑइलची गळती थेंबाथेंबानं असेल आणि डिपस्टिकवर (तेल मोजायच्या पट्टीवर) तेल खालच्या खुणेच्या वर असेल, तर भर घालत, दर दोन-तीन किलोमीटरला बघत हळू जाता येतं. धार लागली असेल तर नाही. तेलाचा लाल दिवा लागला की तिथंच बंद. तो दिवा इशारा म्हणून लागत नाही, दाब गेल्यावर लागतो. दाब गेलेलं इंजिन थोडा वेळ जरी चाललं तरी बेअरिंग चाटतं, मग क्रँक (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) काढून लेथवर न्यावा लागतो.

चेंबरची बारीक चीर एम-सीलनं बंद होते, पण घाई केली तर नाही. डाग पेट्रोलनं पुसा, सॅंडपेपरनं किंवा विटेच्या तुकड्यानं धातू खरखरीत करा, दोन्ही गोळे रंग एकसारखा होईपर्यंत मळा, दाबून बसवा आणि किमान तासभर थांबा. ओल्या तेलावर लावलेला एम-सील हमखास सुटतो. डिझेल टाकीच्या चिरेला अंगाचा कोरडा साबण घासून भरा. साबण डिझेलमध्ये विरघळत नाही, त्यामुळं गावापर्यंत तो धरतो. पाण्यानं मात्र तो धुऊन जातो, वाटेत ओढा असेल तर लक्षात ठेवा.

रेडिएटर गळत असेल तर गरम असताना झाकण उघडू नका. अर्धा तास जाऊ द्या. फुटलेली एखादीच नळी दिसत असेल तर पकडीनं दोन्ही बाजूंनी चेपून बंद करा, पाणी भरा आणि झाकण पहिल्या खाचेपर्यंतच घट्ट करा. दाब कमी राहिला की गळतीही कमी राहते. हळद टाकण्याची जुनी युक्ती बारीक छिद्रावर चालते, पण नव्या अ‍ॅल्युमिनियम रेडिएटरच्या अरुंद नळ्या तिनं चोंदतात. टाकलीच तर गॅरेजमध्ये पूर्ण फ्लश करून घ्या.

पाण्यात बंद पडली तर

हा सगळ्यात महाग पडणारा प्रकार आहे. बंधाऱ्यावर किंवा ओढ्यात इंजिन बंद पडलं की स्टार्टर एकदाही मारायचा नाही. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टनवर पाणी असताना क्रँक फिरला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेल इंजिनात कॉम्प्रेशन जास्त, म्हणून तिथं धोकाही जास्त. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून ढकलत किंवा ओढत कोरड्यावर आणा. गिअरमध्ये ठेवून ढकलली तर चाकं इंजिन फिरवतात आणि परिणाम तोच होतो.

कोरड्यावर आल्यावर एअर फिल्टरचा डबा उघडा. कागद कोरडा असेल आणि डब्याच्या तळाशी पाणी नसेल, तर पाणी बहुधा आत गेलेलं नाही. इंजिन वायरिंग भिजून बंद पडलेलं असू शकतं. कागद भिजला असेल तर पुढचं काम पेट्रोल गाडीत हातानं करता येतं: चारही स्पार्क प्लग काढा, क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन दोन पूर्ण फेरे हातानं फिरवा, मग प्लगच्या भोकांपासून तोंड लांब ठेवून पाच सेकंद स्टार्टर मारा. पाणी फवाऱ्यानं बाहेर येतं. पुन्हा दोनदा करा. नव्या डिझेल गाड्यांत ग्लो प्लग काढायला जाऊ नका, गंजलेला असेल तर आतच तुटतो आणि हेड उतरवावं लागतं. तिथं टोचन करून नेणं स्वस्त पडतं.

इंजिन वाचलं म्हणजे काम संपलं असं नाही. चाललेल्या गाडीचं डिफरन्शियल गरम असतं. ते एकदम थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते. ब्रीदरची (हवा आत-बाहेर जाण्याची) नळी चिखलानं बंद असेल तर ऑइल सीलमधून पाणी आत ओढलं जातं. त्या दिवशी काहीच कळत नाही, पण महिन्या-दोन महिन्यांनी क्राऊन-पिनियन (आतली गिअरची जोडी) ओरडायला लागतो. गाडी रात्रभर सपाट जागी उभी करा आणि सकाळी ड्रेन बोल्ट एखादा आटा ढिला करा. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळं आधी तेच टपकतं. तेल दुधाळ चहाच्या रंगाचं निघालं तर पूर्ण बदला. पण ड्रेन बोल्ट पूर्ण काढायच्या आधी वरचा भरण्याचा बोल्ट सुटतो का ते बघा. खालून तेल सांडलं आणि वरचा बोल्ट गंजून बसलेला निघाला तर गाडी तिथंच अडकते. तेल साधारण दीड ते दोन लिटर लागतं, ग्रेड आणि नेमकं माप मॅन्युअलमध्ये असतं. पुढचा अ‍ॅक्सल, ट्रान्स्फर केस (फोर-बाय-फोरमध्ये पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) आणि गिअरबॉक्सही याच पद्धतीनं तपासा.

ओढून काढताना होणारं नुकसान

आपल्याकडं मदतीला पहिला येतो तो उसाचा ट्रॅक्टर, आणि ट्रॅक्टरबरोबर येते साखळी. साखळी ताणत नाही, म्हणून झटका थेट हुकावर बसतो. बंपर, टाय रॉड (पुढची चाकं वळवणारी स्टीअरिंगची दांडी), अ‍ॅक्सलची नळी किंवा कमानपाट्याला साखळी बांधू देऊ नका. चासीला बोल्ट केलेल्या टोइंग हुकालाच बांधा, डी-शॅकल (डी आकाराची लोखंडी कडी) वापरा आणि ट्रॅक्टरवाल्या मामांना विनंती करा की आधी साखळी सावकाश ताणून घ्या, मग एकसारखं ओढा. ओढताना साखळीच्या रेषेत कुणी उभं राहू नये. दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरावर माणसं थांबवा, विशेषतः बघायला जमलेली पोरं.

ओढण्याआधी दहा मिनिटं फावडं चालवलं तर निम्मं काम होतं. चाकापुढचा गाळ काढा, अ‍ॅक्सलखालची माती मोकळी करा, टायरची हवा 18 पीएसआयपर्यंत उतरवा. काळ्या रानात बूड टेकलं असेल तर माती चोषून धरते, आणि ती मोकळी न करता ओढलं तर हुकच उपटून येतो. शक्य असेल तर वाफसा येईपर्यंत थांबा. रान घट्ट झालं की तीच गाडी सहज निघते.

वाकलं काय, तुटलं काय

स्टीअरिंग सरळ धरून समोरून चाकं बघा. एक चाक आत, एक बाहेर दिसलं तर टाय रॉड वाकली आहे. अंदाजापेक्षा टेपनं मोजणं बरं: दोन्ही पुढच्या टायरच्या मधोमध, हबच्या उंचीवर खडूनं खूण करा, टायरच्या पुढच्या बाजूचं अंतर मोजा, मग मागच्या बाजूचं. फरक दोन-तीन मिलिमीटरहून जास्त असेल तर चाकांची रेषा बिघडलेली आहे. वाकलेली रॉड काढताना तिच्या टोकाचा एंड किती आटे फिरून निघाला ते मोजून ठेवा, तितकेच आटे परत बसवायचे असतात. दोन दगडांवर टेकवून थंडच ठोकून सरळ करा, तापवू नका. अशी रॉड ताशी 20-25 किलोमीटरनं डांबरी रस्ता गाठण्यापुरती, नंतर ती भंगारात द्या. चाक धरून ठेवणाऱ्या नकल, बॉल जॉइंट किंवा लोअर आर्मला चीर दिसली तर मात्र गाडी चालवायची नाही, तिथं जुगाड नसतो.

पाटे असलेल्या गाडीत दोन्ही बाजूंनी पुढच्या हबपासून मागच्या हबपर्यंतचं अंतर मोजा. एक सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट कापला गेला आहे किंवा मेन पाटा तुटला आहे. थारच्या नव्या मॉडेलसारख्या गाडीत पुढं स्वतंत्र सस्पेन्शन असतं, तिथं सीव्ही जॉइंटचे (चाकाला ताकद पोचवणाऱ्या सांध्याचे) रबरी बूट बघा. बूट फाटून आत माती गेली तर जॉइंट खातो. वेळेत बूट आणि ग्रीस बदललं तर खर्च शेकड्यांत, नाहीतर हजारांत.

जांभ्याची धार टायरच्या बाजूला कापते. पंक्चरची काडी फक्त टायरच्या नक्षीच्या भागात चालते. साइडवॉलला चार काड्या घालून चिरेखाणीतून बाहेर पडता येईल, पण त्या टायरवर हायवेला जाऊ नका.

आणि एक गोष्ट अनेकांना विनाकारण खर्चात घालते. काळी माती रिमच्या आतल्या बाजूला वाळून घट्ट बसते आणि 60-70 च्या वेगाला स्टीअरिंग थरथरतं. रिम वाकलं, बेअरिंग गेलं असं समजून पार्ट बदलले जातात. आधी चाक काढून आतून धुवा. तीच माती एबीएस सेन्सरची वायर आणि ब्रेकचा होजही ओढून तोडते, तेही त्याच वेळी बघून घ्या. रेडिएटर धुताना पाणी कमी दाबानं आणि इंजिनच्या बाजूनं बाहेर मारा. समोरून जोरात मारलं तर पात्या वाकतात आणि गवताचं बी आणखी आत बसतं.

गाडी आडवी झाली असेल तर

सरळ केल्याबरोबर स्टार्ट करू नका. आडवं पडल्यावर तेल सिलिंडरमध्ये आणि इनटेकमध्ये उतरतं. पेट्रोल इंजिन पाण्यासारखंच अडकतं. डिझेल इंजिन त्याच तेलावर स्वतःहून पळायला लागू शकतं आणि मग चावी काढली तरी थांबत नाही. अशा वेळी हवेची वाट बंद करणं किंवा ब्रेक दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडून इंजिन दाबणं एवढंच हातात राहतं. म्हणून सरळ करून तासभर उभी ठेवा, इनटेकचा पाइप काढून तेल पुसा, डिपस्टिक आणि बॅटरीचं अ‍ॅसिड बघा. एअरबॅग उघडली असेल तर सीट बेल्टही बदलायला लागतात, त्यांचे प्रीटेन्शनर (धडकेत बेल्ट आवळणारे भाग) एकदाच चालतात.

गॅरेज आणि विमा

बेळगावला उद्यमबाग आहे ही आपली मोठी सोय. फाउंड्री आणि मशीन शॉपचं गाव असल्यानं फुटलेलं कास्टिंग बघून 'वेल्ड होईल की बदलावं लागेल' हे सांगणारा जाणकार मिळतो. अ‍ॅल्युमिनियमच्या हाउसिंगला आर्गन वेल्डिंग, बिडाला (कास्ट आयर्नला) आधी तापवून निकेल रॉड. साध्या रॉडनं बीड जोडून देणाऱ्याकडं काम देऊ नका, थंड होतानाच शेजारी नवी चीर जाते.

पण विमा लावायचा असेल तर सर्व्हे होईपर्यंत काहीही उघडू नका. जागेवरच फोटो काढा: नंबर प्लेटसकट पूर्ण गाडी, फुटलेला भाग, लागलेला दगड, जमिनीवरचं तेल. कंपनीला त्याच दिवशी कळवा. गाडी एमएच-09 ची (कोल्हापूरची) आणि अपघात खानापूर तालुक्यात, यानं क्लेम अडत नाही. पोलिसांच्या नोंदीची प्रत मात्र कन्नडमध्ये असेल आणि सर्व्हेअर कोल्हापूरचा असेल तर भाषांतर जोडून द्या, आठवडाभर वाचतो. दुसऱ्या कुणाला इजा झाली असेल तर 24 तासांच्या आत पोलिसांत कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे.

कंपल्सरी डिडक्टिबल (क्लेममधली सक्तीनं आपण सोसायची रक्कम) 1500 सीसीपर्यंत 1000 रुपये, त्यावर 2000. झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) नसेल तर रबर-प्लास्टिकच्या भागांवर 50 टक्के कपात होते. पाण्यात बंद पडलेलं इंजिन स्टार्टर मारून फोडलं तर साध्या पॉलिसीत ते 'परिणामी नुकसान' धरलं जातं, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं. शर्यत किंवा स्पर्धेत झालेलं नुकसान भरून मिळत नाही. भीमगड अभयारण्यात परवानगीशिवाय गाडी घालू नका. तिथं अडकलात तर गाडी काढण्याआधी वनखात्याला तोंड द्यावं लागेल.

दुरुस्तीनंतर पहिल्या 50 ते 100 किलोमीटरला चाकांचे नट, यू-बोल्ट आणि ड्रेन बोल्ट पुन्हा पान्यानं तपासा, आणि त्या रात्री गाडीखाली परत कागद टाकून ठेवा.